‘घरच्यासारखा’ नको, हक्काचा माणूस हवा!

वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही बाजारपेठेत जा. वर्ध्याची मुख्य पेठ घ्या, हिंगणघाटचे कापड दुकान घ्या, आर्वीचे कृषी केंद्र घ्या, नाहीतर पुलगावचे हार्डवेअरचे दुकान घ्या. मालकाला विचारा, ‘तुमच्याकडे नोकर किती?’ उत्तर ठरलेले असते. ‘नोकर कुठले साहेब? पोरं आहेत चार-पाच. अगदी घरच्यासारखी!’ हे वाक्य मालक मोठ्या प्रेमाने उच्चारतो आणि ऐकणाऱ्यालाही ते गोड वाटते. पण गेली अनेक वर्षे कामगारांची प्रकरणे हाताळताना माझे ठाम मत झाले आहे की, छोट्या धंद्यातील कामगाराचा सर्वांत मोठा घात कोणी केला असेल तर तो या ‘घरच्यासारखा’ या शब्दाने केला आहे.

‘घरच्यासारखा’ म्हणजे काय? तर नियुक्तीपत्र नाही, हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही. सकाळी नऊला शटर उघडायचे आणि रात्री दहाला लावायचे. जास्तीच्या तासांचे पैसे मागायचे नाहीत, कारण घरात कोणी ओव्हरटाइम मागतो का? लग्नासाठी, आजारपणासाठी मालकाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत दुसरीकडे जायचे नाही. पंधरा वर्षे राबल्यावर एक दिवस ‘उद्यापासून येऊ नको’ म्हटले की पिशवी उचलून निघायचे. ना नोटीस, ना ग्रॅच्युइटी, ना अनुभवाचा दाखला. पंधरा वर्षे तो ‘घरचा’ असतो आणि सोळाव्या वर्षी कामगार न्यायालयात मालकाचे लेखी म्हणणे येते की, ‘सदर इसम आमच्याकडे कधीही कामास नव्हता.’ घरच्या माणसाला कोणी असे ओळख नाकारते काय?

ही रीत दुकानात आली कुठून? ती शेतीतल्या सालदारीतून आली. पाडव्याला साल ठरायचे, तोंडी बोलणी व्हायची, थोडी उचल मिळायची आणि वर्षभर चोवीस तास मालकाच्या दावणीला बांधून घ्यायचे. गावातला सालदार गेला आणि त्याचा मुलगा तालुक्याच्या दुकानात लागला. धोतर जाऊन पँट आली, बैलजोडी जाऊन मालवाहू ऑटो आला. पण कराराचा कागद मात्र आला नाही. सालदारीच फक्त शहरात राहायला आली.

मंदिर उघडले, गल्ला उघडला काय?

वर्धा हा गांधींचा जिल्हा म्हणून जगाला माहीत आहे. १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. त्या काळात ती मोठी गोष्ट होती, हे आम्ही नाकारत नाही. पुढे गांधीजी वर्ध्याला आले, १९३६ पासून सेवाग्रामला राहिले. मालक हा संपत्तीचा धनी नसून विश्वस्त आहे, त्याने कामगाराचा सांभाळ करावा, हा विश्वस्तपणाचा विचार याच मातीतून देशभर सांगितला गेला. बाबासाहेबांनी मात्र १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?’ या ग्रंथात या कल्पनेची कठोर चिकित्सा केली. कारण साधे आहे. विश्वस्त चांगला निघाला तर ठीक; वाईट निघाला तर दाद कोणाकडे मागायची? सांभाळ हा देणाऱ्याच्या मर्जीवर असतो, हक्क घेणाऱ्याच्या हातात असतो.

आज वर्ध्याच्या पेठेत जे ‘घरच्यासारखा’ चालते ते याच विश्वस्तपणाचे किरकोळ विक्रीचे रूप आहे. दिवाळीला कपडे, पोरीच्या लग्नाला पाच हजार, आजारी पडल्यास शंभराची नोट. देणारा मोठा होतो, घेणारा कायम मिंधा राहतो. किमान वेतनाचा फरक जोडला तर त्याच पोराचे वर्षाकाठी कितीतरी पट पैसे मालकाकडे राहिलेले असतात. पण तो हिशेब कोणी मांडत नाही.

आता दुसरा प्रश्न. मंदिराचे दार १९२८ मध्ये उघडले. दुकानाच्या गल्ल्यामागची खुर्ची कधी उघडली? बाजारात एक फेरी मारा आणि डोळे उघडे ठेवून पाहा. पोती उचलणारा, गाडी रिकामी करणारा, गोदाम झाडणारा कोणत्या वस्तीतून येतो? आणि काउंटरवर उभा राहणारा, बिल फाडणारा, गल्ला सांभाळणारा, मुनीमकी करणारा कोणत्या वस्तीतून येतो? जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत राबणाऱ्या बाया कोणत्या आणि वजनकाट्याजवळ खुर्चीवर बसणारा कोण? अपवाद आहेत आणि ते वाढतही आहेत. पण अपवाद मोजावे लागतात, यातच सारे आले.

बाबासाहेबांनी मनमाडला सांगितलेले सत्य

हा प्रश्न नवा नाही. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्ष बाबासाहेब होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी तेथेच सांगितले. हे वाक्य आपले सर्व वक्ते उच्चारतात. पण त्याच भाषणात त्यांनी नोकरभरतीचे जे बारीक विश्लेषण केले ते फारसे कोणी सांगत नाही. गिरण्यांत चांगल्या मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. धागा तोंडाला लागतो, म्हणजे विटाळ होतो, हे त्याचे कारण. रेल्वेत अस्पृश्य गँगमन म्हणून लागायचा आणि गँगमन म्हणूनच निवृत्त व्हायचा. त्याला पोर्टरसुद्धा करीत नसत. का? कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून आपल्या घरची कामे करून घेत असे आणि अस्पृश्य माणूस घरात चालत नसे!

समाजबांधवांनो, येथे थांबून विचार करा. नोकरी रेल्वेची होती, पगार रेल्वेचा होता. पण नोकरीत ‘घर’ घुसले आणि घराबरोबर जात घुसली. आजच्या दुकानातही नेमके हेच घडते. दुकान म्हणजे मालकाच्या घराची ओसरी असे समजले की त्या पोराने मालकाचा डबा आणायचा, माठ भरायचा, गल्ल्याची पूजा मांडायची, शेठाणीबाईला गावाला सोडायचे. मग पोरगा ठेवताना मालक काय पाहणार? हिशेब येतो की नाही हे तो पाहणार नाही. तो ‘कोणाचा’ आहे, हे पाहणार. म्हणून ‘घरच्यासारखा’ हा शब्द दुहेरी शस्त्र आहे. जो आत घेतला जातो त्याचे हक्क तो कापतो आणि आपल्या पोरांना दारातच अडवतो.

म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात कामगार पुढाऱ्यांना ठणकावून सांगितले होते की, विणकाम खाते खुले करण्याची मागणी आपल्या मागण्यांत घ्या. आणि म्हणूनच १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते हाती आल्यावर त्यांनी मालकाच्या दयेवरचा विषय कायद्यात आणला. एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक त्यांनीच कायदेमंडळात मांडले. त्याच वर्षी फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आज जो कोणी आठ तासांनंतर घड्याळ पाहतो, तो कोणत्याही जातीचा असो, त्याने बाबासाहेबांचे स्मरण केले पाहिजे.

अर्जावरचे आडनाव

काही विद्वान म्हणतील, ‘वकीलसाहेब, आता जातपात कोण पाहतो? खाउजा धोरण आले, स्पर्धा आली, आता गुणवत्तेला महत्त्व आहे.’ त्यांच्यासाठी एक अभ्यास सांगतो. अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि अमेरिकेतील प्राध्यापक पॉल ॲटवेल यांनी २००५ पासून ६६ आठवडे वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिराती गोळा केल्या. ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा. फरक फक्त नावाचा. काही अर्जांवर उच्चवर्णीय नाव, काहींवर दलित, काहींवर मुस्लीम. निष्कर्ष २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश आणि मुस्लीम नावाला साधारण एक तृतीयांश! त्याच काळात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले की, प्रत्येक जण गुणवत्तेचा जप करतो आणि मुलाखतीत हमखास ‘घरची पार्श्वभूमी’ विचारतो.

ज्या कंपन्या जाहिरात देतात, अर्ज मागवतात, त्यांची ही गत. आपल्या तालुक्याच्या दुकानात तर जाहिरातही नसते. ‘तुझ्या ओळखीचा कोणी पोरगा असेल तर पाठव’ असे मालक आपल्या जुन्या पोराला सांगतो आणि तो आपल्याच वस्तीतला, आपल्याच नात्यातला आणतो. कोणी जात विचारत नाही, कोणी जात सांगत नाही आणि तरीही जातीची साखळी अखंड राहते. वाईट बोलणारा माणूस नसतानाही अन्याय होतो, तो असा.

कायदा काय म्हणतो?

कायद्याची बाजू नीट समजून घ्या, कारण अर्धवट माहितीने आपलीच फसगत होते. घटनेचे कलम १६ सरकारी नोकरीपुरते आहे. वेतन संहिता २०१९ मध्ये मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून इतर तीन कामगार संहितांसह लागू झाली. तिच्यात भरती आणि वेतनात भेदभाव करू नये असे म्हटले आहे. पण तो फक्त लिंगाच्या आधारावर. जातीचा तेथे उल्लेख नाही!

बाबासाहेबांना हे भोक दिसले होते. १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी स्पष्ट मागणी केली होती की, कारखान्यांतील व व्यापारी पेढ्यांतील मालकांनी वंश, पंथ किंवा सामाजिक दर्जावरून भेदभाव केल्यास तो गुन्हा ठरवावा आणि असे खटले चालवण्यास स्वतंत्र न्यायाधिकरण नेमावे. सामाजिक दर्जा म्हणजे आपल्या देशात जात. ही तरतूद त्या रूपात घटनेत आली नाही. खासगी क्षेत्रातील आरक्षणावर मोर्चे काढणाऱ्या आपल्या संघटनांनी ही जुनी मागणी पुन्हा हाती घ्यावी, असे मला वाटते.

तरीही आपण अगदी निःशस्त्र नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला धंदा, व्यवसाय किंवा कोणत्याही कामावरील नोकरी करण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ मध्ये २०१५ च्या दुरुस्तीने धंदा व नोकरीतील अडवणुकीचा समावेश झाला. वेठबिगार करून घेणे आणि लोकांदेखत जातीवरून अपमान करणे हेही त्यात आहेच. बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा असल्याने ही कवचे त्यांनाही लागू आहेत. अडचण पुराव्याची आहे. ‘जागा भरली’ म्हणणारा मालक जात उच्चारत नाही.

आणखी एक गोष्ट. १९४८ चा दुकाने कायदा लहानमोठ्या दुकानांना लागू होता. डिसेंबर २०१७ मध्ये लागू झालेला महाराष्ट्राचा नवा कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरता झाला आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. म्हणजे आपला पोरगा जेथे खरोखर काम करतो, ते चार-पाच माणसांचे दुकान कायद्याच्या नजरेतून निसटले. राज्य विमा दहा माणसांना, भविष्य निर्वाह निधी वीस माणसांना, हे मालकांना तोंडपाठ असते. हजेरीपटावर नऊ आणि दहावा भावाच्या नावावर, ही चलाखी आपण रोज पाहतो.

मात्र काही हक्क आकड्यावर अवलंबून नाहीत, हे प्रत्येक कामगाराने पाठ करावे. किमान वेतन एका माणसाच्या दुकानालाही लागू आहे. वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत, पगाराची पावती आणि काम सुटल्यास दोन कामाच्या दिवसांत सर्व हिशेब, ही मालकाची जबाबदारी आहे. पगार मिळाला नाही असा दावा केल्यास, तो दिल्याचा पुरावा मालकाने द्यायचा आहे. दाव्याची मुदत तीन वर्षे. आपल्या बहिणी आज मॉलमध्ये, कापड दुकानात, दवाखान्यात कामाला आहेत. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी काम करणाऱ्या महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. किती जणींना हे ठाऊक आहे?

आता सवाल आपल्याच मालकांना!

येथपर्यंत वाचून काही जण खूश होतील की, शेठजींना चांगले सुनावले. पण खरा सवाल पुढे आहे. गेल्या काही वर्षांत आपला समाजही मालक होऊ लागला आहे. २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी पुण्यात ‘डिक्की’ स्थापन केली. २०१२ च्या केंद्राच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून ४ टक्के खरेदीची तरतूद झाली. २०१६ मध्ये स्टँडअप इंडिया योजना आली. वर्धा जिल्ह्यातही आपले फॅब्रिकेशनचे वर्कशॉप, छापखाने, मेडिकल स्टोअर, भोजनालये, शिकवणी वर्ग, सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सी, केटरिंग आणि मंडप डेकोरेशन उभे राहिले. २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर गॅरेज आणि वाहतुकीच्या धंद्यातही आपली पोरे उतरत आहेत. याचा अभिमान आहे.

पण तेथे काम करणाऱ्याचे काय? छाती पोलादाची करून सांगतो, अनेक ठिकाणी तेच चालते जे शेठजीकडे चालते. गल्ल्यावर लक्ष्मीऐवजी बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो, पण हजेरीपट तेथेही नाही. ‘आपलाच समाजबांधव आहे, समजून घेईल’ म्हणून दोन-दोन महिन्यांचा पगार थकतो. चळवळीच्या नावावर पोराला रविवारी सभेच्या खुर्च्या लावायला नेतात. शेठजीने ‘घरच्यासारखा’ म्हणून लुटले आणि आम्ही ‘समाजाचा’ म्हणून लुटले, तर त्या पोराच्या पोटाला फरक काय पडला?

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थ सिगालाला मालक आणि कामगाराचे नाते सांगितले आहे. मालकाची पाच कर्तव्ये अशी: कामगाराच्या शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, विशेष लाभात त्याला वाटा देणे आणि वेळोवेळी सुट्टी देणे. कामगाराचीही पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यात दिलेलेच घेणे, काम नीट करणे आणि मालकाचे नाव राखणे यांचा समावेश आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी कामाचा भार, पगार, आरोग्य, बोनस आणि रजा हे पाचही विषय तथागतांनी मांडले. येथे नाते दोन्ही बाजूंनी बांधलेले आहे. मालक देतो म्हणून उपकार करत नाही, ते त्याचे देणे आहे. बाबासाहेबांनी याच देण्याला कायद्याचे दात दिले. बुद्धवंदना म्हणून दुकान उघडणाऱ्याने या पाच कसोट्या स्वतःला लावून पाहाव्यात.

माणूस घ्यावा कसा, घडवावा कसा?

छोट्या मालकाच्या अडचणी मला माहीत आहेत. उधारी वसूल होत नाही. शिकवलेला पोरगा सहा महिन्यांत नागपूर-पुण्याला पळतो. दिवाळी-लग्नसराईत अचानक दांडी मारतो. पण यातल्या बहुतेक दुखण्यांचे मूळ बेशिस्त भरतीत आणि बेहिशेबी कारभारात आहे. म्हणून काही गोष्टी सांगतो. त्यांना पैसा फारसा लागत नाही.

पहिली, जागा जाहीर करा. दुकानाच्या काचेवर, आयटीआयच्या फलकावर, विहारात आणि इतर वस्त्यांतही कागद लावा. काम काय, वेळ किती, पगार किती, हे त्यावर लिहा. मुलाखतीत बाप काय करतो, राहतो कुठे, हे विचारू नका. त्याच्याकडून काम करून पाहा. वेल्डरला दोन तुकडे जोडायला द्या, काउंटरच्या मुलीला दहा वस्तूंचे बिल करायला द्या. ज्या दिवशी काम करून घ्याल त्या दिवसाची मजुरी द्या. आणि आपल्या मालकांनो, फक्त आपल्याच जातीची पोरे भरू नका. मातंग, चर्मकार, आदिवासी, मुस्लीम, ओबीसी पोरगा तुमच्या वर्कशॉपमध्ये शिकला पाहिजे. जातीची साखळी आपण तोडणार नाही तर कोण तोडणार?

दुसरी, एक पानाचे नियुक्तीपत्र मराठीत द्या. कामाचे नाव, तारीख, पगार, तास, साप्ताहिक सुट्टी, नोटीस किती दिवसांची, एवढे पुरे. नियुक्तीपत्राची कायदेशीर सक्ती साधारणतः दहा माणसांवर आहे म्हणून पाच माणसांच्या मालकाने ते देऊ नये, असे कोणी सांगितले? त्या कागदाने कामगार सुरक्षित होतो तसा मालकही होतो. उद्या वाद झाला तर दोघांनाही तोंडी शपथा घ्याव्या लागत नाहीत. पगार बँकेतून द्या. उचल दिली तर ती वहीत लिहा, हप्ता ठरवा, दोघांच्या सह्या घ्या. उचल ही बेडी होता कामा नये.

तिसरी, सुट्ट्या ठरवा. २०१७ च्या कायद्यात आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार मालक व कामगारांनी आपसांत ठरवायच्या आहेत. जेथे हा कायदा लागू आहे तेथे आपल्या कामगारांनी १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन लेखी मागून घ्यावेत. त्यासाठी हाजी-हाजी करण्याची किंवा खोटा आजार सांगण्याची गरज नाही. आणि आपला मालक असेल तर त्याने ईद आणि पोळाही लक्षात ठेवावा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, माणूस वाढवा. बाबासाहेबांची मनमाडची वेदना काय होती? गँगमन म्हणून लागला आणि गँगमन म्हणूनच निवृत्त झाला. तुमच्या दुकानातला हमाल दहा वर्षांनी हमालच असेल तर तुम्ही त्या स्टेशनमास्तरापेक्षा वेगळे कसे? पायऱ्या ठरवा. पहिल्या वर्षी मदतनीस, दुसऱ्या वर्षी स्वतंत्र काम, तिसऱ्या वर्षी दुसऱ्याला शिकवणारा. दर पायरीला पगारवाढ. पोते उचलणाऱ्याला आठवड्यातून दोन तास बिलिंगवर बसवा. हिशेब, जीएसटी, संगणक शिकू द्या. ‘शिकला तर पळेल’ ही भीती सोडा. जो शिकवतो त्याच्याकडे माणसे रांग लावतात आणि न शिकवल्यानेही पळणारा पळतोच.

यासाठी सरकारी मार्गही आहे. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ मध्ये १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवल्या गेल्या आणि तो खासगी कारखान्यांनाही लागू आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण अशक्य म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापना स्वेच्छेने घेऊ शकतात. त्यांच्या विद्यावेतनात केंद्राकडून वाटा मिळण्याची योजना २०१६ पासून आहे. देवळी, वर्धा, हिंगणघाटच्या औद्योगिक वसाहतींत राखीव जागांवर खरोखर कोण शिकत आहे, याची माहिती आपल्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात मागावी. घोषणांपेक्षा तो कागद जास्त कामाचा.

पाचवी, काढायचे असेल तर माणसासारखे काढा. चूक लेखी सांगा, त्याचे म्हणणे ऐका, सुधारण्यास वेळ द्या, नोटीस द्या, हिशेब चुकता करा आणि अनुभवाचा दाखला द्या. दाखला नाकारणे म्हणजे त्याची गेलेली वर्षे चोरणे होय.

कामगार बांधवांनाही दोन शब्द

हक्काची भाषा करणाऱ्याने कामात खोट ठेवू नये. वेळेवर जा, सांगून रजा घ्या, पैशाला आणि मालाला हात लावताना निर्मळ राहा. दारू पिऊन मशीनवर उभे राहू नका. पंचशील विहारात घेता, ते वर्कशॉपच्या दारात काढून ठेवू नका. आणि स्वतःची एक वही ठेवा. रोजची हजेरी, मिळालेला पगार, घेतलेली उचल त्यात लिहा. ज्याच्याकडे वही असते त्याचे प्रकरण उभे राहते आणि ज्याच्याकडे फक्त अश्रू असतात त्याचे प्रकरण बहुधा पडते, हा न्यायालयाचा रोजचा अनुभव आहे. जीव धोक्यात घालणाऱ्या कामात तर नावाची नोंद आधी, काम नंतर. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या मैदानावर जुनी स्फोटके उतरवताना स्फोट झाला आणि सहा जणांचा बळी गेला. त्यात आसपासच्या गावांतून आलेले कंत्राटी मजूर होते. कंत्राटी मजुराचे नाव कोणत्याच वहीत नसेल तर त्याच्या विधवेने नुकसानभरपाई कशाच्या आधारावर मागायची?

येत्या १४ एप्रिलला वर्धा जिल्ह्यात मिरवणुका निघतील, भोजनदान होईल. ते जरूर करा. पण ज्या बांधवाच्या हाताखाली एक तरी माणूस काम करतो, त्याने त्या दिवशी आणखी एक गोष्ट करावी. त्या माणसाला आपल्या सहीचे नियुक्तीपत्र द्यावे आणि त्यावर पगाराचा आकडा लिहावा. आमच्या मालकांनी हे केले की मग शेठजींना सवाल विचारण्याचा नैतिक अधिकार आम्हाला मिळेल आणि तो सवाल आम्ही विचारूच. उपकाराची भाकरी आमच्या बापजाद्यांनी खाल्ली. आमच्या पोरांना ती हक्काने, घामाच्या मोलाने आणि पावतीसह मिळाली पाहिजे.

जय भीम!